तळहातावरची काच : प्रस्तावना

हैदराबादेत काच बघायची तर आधी मान वर करावी लागते. चौमहल्ला राजवाड्यातल्या खिलवत मुबारकच्या दालनात बेल्जियमच्या काचेची १९ झुंबरं टांगलेली आहेत. आत शिरणारा प्रत्येक जण पहिल्यांदा छताकडे बघतो, तख्ताकडे त्याचं लक्ष मागाहून जातं. मूसीकाठच्या सालारजंग संग्रहालयात काच जरा खाली, नजरेसमोर येते. व्हेनिसची, बोहेमियाची, फ्रान्सची, इंग्लंडची काच तिथल्या कपाटांत नीट मांडून ठेवली आहे. मीर युसुफ अली खान, म्हणजे तिसरे सालारजंग, आणि त्यांचे वाडवडील यांनी जमवलेला हा संग्रह डिसेंबर १९५१मध्ये लोकांना खुला झाला. गर्दी मात्र होते ती तासाचे टोल ऐकायला घड्याळापुढे, नाहीतर बुरख्यातल्या रेबेकाच्या संगमरवरी पुतळ्यापुढे. काचेच्या दालनातून माणसं ‘किती नाजूक!’ एवढं म्हणून पुढे सरकतात.

या सगळ्या काचेची एक गोष्ट सारखी आहे. ती विकत आणलेली आहे. नबाबी शहराने काच हौसेने मिरवली, पण घडवली फारच थोडी. चारमिनारशेजारच्या लाड बाजारात जाऊन पाहा. तिथली बांगडी अस्सल हैदराबादी, २०२४मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण ती बांगडी लाखेची. काच तिच्यावर खड्यांच्या आणि आरशाच्या टिकल्यांच्या रूपाने पाहुणी म्हणून येते. निखळ काचेच्या बांगड्या हव्या असतील तर त्यांचे खोके फिरोजाबादहूनच आलेले असतात.

पुढच्या पानांचा विषय या थाटामाटापासून बराच दूरचा आहे. तळहातावर मावेल एवढं काचशिल्प, आणि तेही पान, शेंग, पाखरू, किडा यांच्यावरून सुचलेलं. या कामाकडे आपण आजवर ‘शोभेची वस्तू’ म्हणून बघत आलो. सुलतान बाजार-काचीगुड्याकडच्या आमच्या मराठी घरांतल्या शोकेसमध्ये काचेचा एखादा हंस हमखास सापडतो. तो कुणी केला, कशाचा केला, हे घरात कुणालाच ठाऊक नसतं. मला वाटतं, या छोट्या काचेला शिल्प म्हणून वागवायची वेळ आली आहे. तसं वागवायचं, तर तिची खरी भावंडं झुंबरांमध्ये न शोधता दुसरीकडे शोधावी लागतील.

काचेतून शिल्प करणाऱ्या हैदराबादेतल्या कलावंतांत ठळक नाव शिशिर सहाना यांचं. जन्म बंगालच्या बांकुडा जिल्ह्यातल्या खेड्यातला, चित्रकलेचं शिक्षण शांतिनिकेतनात, काचेचा अभ्यास लंडनच्या सेंट्रल सेंट मार्टिन्समध्ये आणि बस्तान हैदराबादेत. मूळ पिंड चित्रकाराचा, त्यामुळे काच हाताळतानाही त्यांचा हात रंग आणि आकृतीकडेच वळतो. दिल्लीच्या हेमी बावा यांनीही चित्रकलेकडूनच काचेकडे वळण घेतलं. २००९मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. एकट्या कलावंताने स्वतःच्या जागेत भट्टी लावून काच वितळवायची ही रीत जगातही फार जुनी नाही. अमेरिकेत टोलेडोच्या संग्रहालयाच्या आवारात १९६२मध्ये हार्वी लिटलटन यांनी डॉमिनिक लॅबिनो यांच्या मदतीने छोट्या भट्टीची कार्यशाळा घेतली. त्याआधी काच म्हणजे कारखाना, आणि कलावंताने फक्त नक्षी काढून द्यायची, अशी वाटणी होती.

भट्टीत काच साच्यात वितळवून घडवणं ही एक वाट. तिने वीत-दोन विती उंचीचं, जाड, वजनदार काम करता येतं. दुसरी वाट ज्योतीची. टेबलाला घट्ट बसवलेला बर्नर, त्याला एका नळीतून गॅस आणि दुसरीतून ऑक्सिजन, आणि हातात काचेची कांडी. निसर्गातले बारकावे पकडणारी छोटी शिल्पं बहुतेक या दुसऱ्या वाटेने येतात, म्हणून तिच्यापाशी जरा थांबू.

समजा, एक पान करायचं आहे. कांडीचं टोक ज्योतीत धरलं की काही क्षणांत ते लाल होतं, मग केशरी, आणि काकवीसारखं ओघळू लागतं. इथून पुढे हात थांबवायचा नाही. कांडी सतत फिरती ठेवली नाही तर गोळा एका बाजूला लोंबतो. तापलेल्या काचेची एकच इच्छा असते, गोल होण्याची. पृष्ठताण तिला सारखा गोळीकडे ओढतो. पानाला तर धार हवी, शेंडा हवा, देठ हवा. म्हणजे शिल्पकाराचं सगळं काम काचेच्या इच्छेविरुद्ध चाललेलं असतं. गोळा पुरेसा जमला की तो ग्राफाइटच्या पट्टीवर चपटा करतात. तो थिजायच्या आत सुरीच्या पाठीने मधली शीर दाबतात, मग तिच्या दोन्ही बाजूंच्या उपशिरा. पुन्हा ज्योत, कारण पातळ झालेली कड आधी थंड होते आणि आधी तडकते. चिमट्याने टोक धरून ओढलं की शेंडा निघतो. त्याच ओढीत मनगटाला थोडा पीळ दिला की पान वाऱ्यात वळल्यासारखं दिसतं. हा पीळ जमला नाही तर शिरा कितीही कोरा, पान पत्र्यातून कापल्यासारखंच राहतं.

चतुराचं काम याहून कठीण. चार पंख, चारही कागदासारखे पातळ. चौथा पंख धडाला जोडताना सांधा वितळलेला हवा, पंख मात्र लवता कामा नये. आणि आधी जोडलेले तीन पंख तेवढ्या वेळात गार पडू देऊन चालत नाही. म्हणून कारागीर मध्येच सगळा कीटक हलकेच ज्योतीवरून फिरवून आणतो. हे सगळं गडद गुलाबी-जांभळट चष्म्यातून बघत करायचं असतं. तापलेल्या काचेतल्या सोडियममुळे ज्योत पिवळी भडकते आणि त्या भडक्यामागे आपण काय घडवतोय तेच दिसेनासं होतं. डायडिमियमचा चष्मा नेमका तो पिवळा उजेड गाळून टाकतो.

काम संपलं असं वाटतं तेव्हा ते संपलेलं नसतं. बाहेरचा भाग आधी आणि आतला मागाहून थंड झाला, तर काचेत ताण कोंडून राहतो. मग आठवड्याने, महिन्याने, कुणी हात न लावताही कपाटात ‘टक’ असा आवाज येतो आणि पंख गळून पडतो. हा ताण काढायला शिल्प विजेच्या भट्टीत ठेवतात. प्रयोगशाळेच्या बोरोसिलिकेट काचेला साधारण ५६० अंश सेल्सिअसवर काही वेळ मुरू द्यायचं आणि मग सावकाश उतरवायचं. यालाच ॲनीलिंग म्हणतात. जाडी दुप्पट झाली की यासाठी लागणारा वेळ जवळपास चौपट होतो. ज्योतीवरची शिल्पं लहान का असतात, याचं निम्मं उत्तर इथे आहे. उरलेलं निम्मं ज्योतीच्या रुंदीत. जेवढा भाग ती एका वेळी तापता ठेवू शकते, तेवढंच शिल्प. लहानपण इथे कमीपणा नाही, ती या माध्यमाची अट आहे. लघुचित्राला आपण ‘भिंतीवर मावलं नाही म्हणून लहान’ असं कधी म्हणत नाही.

या वाटेवरचे सगळ्यांत मोठे पूर्वज जर्मनीत होऊन गेले. लिओपोल्ड ब्लाश्का (१८२२-१८९५) आणि त्यांचा मुलगा रुडॉल्फ (१८५७-१९३९), मूळचे बोहेमियातल्या काचकामगारांच्या घराण्यातले, वास्तव्य ड्रेस्डेनजवळ. १८५३मध्ये अमेरिकेला जाताना लिओपोल्डचं जहाज वारा पडल्यामुळे समुद्रात अडकून पडलं. त्या मुक्कामात त्याने पाण्यातले पारदर्शक, चकाकणारे जीव पाहून त्यांची चित्रं काढली. पुढे संग्रहालयांना एक अडचण होती. जेलीफिश किंवा समुद्रफूल दारूत बुडवून ठेवलं की रंग जातो आणि आकार लोळागोळा होतो. ब्लाश्कांनी ते जीव काचेत करून दिले. मग हार्वर्ड विद्यापीठाच्या जॉर्ज गुडेल यांनी त्यांना वनस्पतींकडे वळवलं. वेअर घराण्यातल्या आई-मुलीने पैसा पुरवला, आणि १८८७ ते १९३६ अशी जवळजवळ पन्नास वर्षं बापलेकांनी, बाप गेल्यावर एकट्या लेकाने, तेच काम केलं. सुमारे ७८० जातींची, ४,३०० च्या आसपास प्रारूपं आज हार्वर्डला आहेत.

मला त्यांतलं सर्वांत मोलाचं वाटतं ते रुडॉल्फने उतारवयात केलेलं काम, कुजणारी फळं. बुरशी धरलेलं, डाग पडलेलं, सुरकुतलेलं फळ काचेत. निसर्गातून प्रेरणा घ्यायची म्हणजे फुललेला गुलाब तेवढा उचलायचा, ही समजूत तिथे निकालात निघते. आपल्याकडे ती अजून निघायची आहे. नुमाइशसारख्या प्रदर्शनांत, जत्रांत ज्योतीवर काम करून दाखवणारे कारागीर असतात आणि त्यांचा हात अनेकदा थक्क करतो. पण ते करतात हंस, गुलाब, हरीण आणि शिडाचं जहाज. गिऱ्हाईक तेच मागतं, हे खरं. तरीही हात इतका तयार आणि डोळा इतका उसना, याची चुटपुट लागते.

आपल्या भागात काचेचं काम नवं आहे असंही नाही. आजच्या संगारेड्डी जिल्ह्यातल्या कोंडापूरच्या टेकाडावर निजामी राजवटीतल्या पुरातत्त्व खात्याने १९४०च्या सुमारास उत्खनन केलं. तिथे सातवाहनांच्या नाण्यांबरोबर मणी निघाले, त्यांत काचेचेही. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरलाही काचेचे मणी सापडले आहेत आणि तेर तेव्हा याच संस्थानात होतं. तिकडे दक्षिणेला तिरुपती-श्रीकालहस्ती भागातल्या पापानायडुपेट गावात वितळलेल्या काचेची पोकळ नळी भट्टीतून ओढून तिचे बारीक मणी कापायची जुनी पद्धत विसाव्या शतकातही जिवंत होती. अमेरिकन अभ्यासक पीटर फ्रान्सिस यांनी ती बारकाईने नोंदवून ठेवली. दोन हजार वर्षांपूर्वी दख्खनच्या माणसाला काच कशी ओढायची हे ठाऊक होतं. मधल्या काळात ते ज्ञान मण्यांपाशी आणि बांगड्यांपाशी थबकलं.

मराठी माणसाचा काचेशी आधुनिक संबंध आला तो स्वदेशीतून. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत उभ्या केलेल्या पैसा फंडातून १९०८मध्ये तळेगाव दाभाड्याला काच कारखाना निघाला. त्याची धुरा होती परदेशात काचविद्या शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांच्याकडे. टिळकांचा त्याला पाठिंबा होता, आणि तिथे नुसता माल निघाला नाही, माणसंही शिकून बाहेर पडली. पुढे १९१६मध्ये औंध संस्थानात, कराडजवळ, ओगले बंधूंनी कारखाना काढला. त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील मराठी घरांत इतका रुजला की वस्तीलाच ओगलेवाडी नाव पडलं. या दोन्ही प्रयत्नांविषयी मला फार आदर आहे. पण काचेतून आपल्याला चिमणी हवी होती, बरणी हवी होती, परदेशी माल हटवायचा होता. काचेत एखादं मोराचं पीस करून बघावं, असं वाटायला फुरसत नव्हती. फुरसत मिळाली तोवर कारखान्यांचेच दिवस फिरले.

मग आजच्या हैदराबादेतल्या छोट्या काचशिल्पाचं जवळचं नातं कुणाशी? माझं उत्तर: प्रयोगशाळेशी. १९४४मध्ये सुरू झालेली इथली औद्योगिक संशोधनाची प्रयोगशाळा पुढे भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्था झाली. तिच्याभोवती आणि सार्वजनिक क्षेत्रातल्या आयडीपीएलच्या कारखान्यानंतर शहरात औषध उद्योग फोफावला. रसायनशास्त्र आलं की काच आली, गोल बुडाचे चंबू, संघनक, तीन तोंडांची भांडी. ती करायला आणि फुटली की सांधायला ज्योतीवर बसणारा ग्लासब्लोअर लागतो. नळीला नळी जोडताना आतला मार्ग बुजू न देणं, भिंतीची जाडी फुंकरीने सारखी राखणं, हे त्याचं रोजचं काम. संघनकातली आतली सर्पिल नळी ज्याने एकदा नुसत्या अंदाजावर वळवली, त्याला वेलीचा ताणा अवघड जायचं कारण नाही. अमेरिकेतले पॉल स्टँकर्ड हे याचं ठळक उदाहरण. शिक्षणाने वैज्ञानिक ग्लासब्लोअर, वर्षानुवर्षं प्रयोगशाळांची उपकरणं केली, आणि मग काचेच्या गोळ्यात रानफुलं, मुळं, मधमाशा बसवून जगभरच्या संग्रहालयांत पोचले.

काचही प्रयोगशाळेचीच लागते, याला कारण आहे. बांगडीची किंवा बाटलीची सोडा-चुन्याची काच तापली की बरीच प्रसरण पावते. बोरोसिलिकेट तिच्या सुमारे एक तृतीयांशच फुगते. जर्मनीत ऑटो शॉट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती घडवली, म्हणून आज चंबू थेट आचेवर चढवता येतो. ज्योतीत आत-बाहेर होणारा चतुराचा पंख याच गुणावर तगतो. या दोन काचा एकमेकींना जोडल्या तर थंड होताना सांधा उकलतोच. त्यामुळे ‘घरातल्या फुटक्या बाटल्यांपासून हे करता येईल का’ या नेहमीच्या प्रश्नाचं उत्तर बहुधा नाही असंच असतं. मऊ काचेत मणी आणि छोटी फुलं सुरेख होतात, तिचे रंग तर बोरोसिलिकेटपेक्षा उजळ. पण तिला धसमुसळेपणा खपत नाही.

रंगाचं प्रकरण निराळंच आहे. तेलंगणाचा राज्यपक्षी नीलपंख, तेलुगूत पालपिट्ट, आपल्याकडे त्याला तासही म्हणतात. दसऱ्याला त्याचं दर्शन इथे शुभ मानतात. बसलेला असताना मातकट दिसणारा हा पक्षी उडाला की निळ्याच्या दोन छटा एकदम उघडतात. पिसातला तो निळा रंगद्रव्याचा नसतो. पिसाच्या अतिसूक्ष्म रचनेवरून प्रकाश परतताना तो तयार होतो. काचेत मात्र त्याला पाककृती लागते, गडद निळ्यासाठी कोबाल्ट, फिरोजी छटेसाठी तांबं. कोबाल्ट इतका जबरदस्त की चिमूटभर जास्त झाला तर पंख काळाच दिसतो. शिवाय काच पारदर्शक, म्हणजे मागून उजेड आला नाही तर रंग मरतो. म्हणून चांगला कलावंत पंख पातळ करतो, तिथे उजेड आरपार जाऊ देतो, आणि अंगाला मुद्दाम अपारदर्शक माती-रंग देतो. पक्ष्याचं निरीक्षण आणि काचेचं रसायन, दोन्ही जाणल्याशिवाय हा निर्णय घेता येत नाही.

विषयांना इथे तोटा नाही. राज्यफूल तंगेडू, म्हणजे आपला तरवड. बतुकम्माच्या दिवसांत त्याच्या पिवळ्या फुलांच्या राशी रचल्या जातात आणि शेवटी पाण्यात सोडल्या जातात. अमीनपूर तलावाला २०१६मध्ये जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला. हैदराबाद विद्यापीठाच्या आवारात सापडलेल्या एका कोळ्याच्या जातीच्या शास्त्रीय नावातच हैदराबाद आहे. त्याच विद्यापीठाला लागून असलेल्या कांचा गच्चीबावलीत २०२५च्या मार्चअखेरीस सुमारे ४०० एकरांवर यंत्रं फिरू लागली. विद्यार्थी आडवे आले आणि एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने वृक्षतोड थांबवली. अशा शहरात बसून कुणी चौदाव्यांदा गुलाब करत असेल, तर त्याने खिडकी उघडावी असं मला स्पष्ट सांगावंसं वाटतं. काचशिल्पाने जंगल वाचत नाही. पण इथला कोळी, इथली शेंग, खडकाच्या खाचेतलं इथलं गवत कुणी महिनोन्‌महिने निरखलं, तर त्या गोष्टीला नाव आणि आकार मिळतो. ब्लाश्कांची प्रारूपं विद्यार्थ्यांनी वर्गात अभ्यासली, ती त्यांत फुलाचे पुंकेसर मोजता येत होते म्हणून. सालारजंगच्या काचेच्या दालनात व्हेनिसशेजारी एक कपाट आजच्या दख्खनी काचेचं असावं, आणि त्यातल्या चिठ्ठीवर कलावंताच्या नावाबरोबर झाडाचं नावही असावं, अशी माझी जाहीर मागणी आहे.

या कलेची किंमत हा नेहमीचा वादाचा विषय. बोटभर चतुरासाठी काही हजार कशाला, असं विचारलं जातं. गॅस, ऑक्सिजन, बाहेरून मागवलेल्या रंगीत कांड्या, रात्रभर चालणारी भट्टी, आणि पाचांतले दोन सांधा जोडताना हातातच गेलेले, हे सगळं त्या एकात धरलेलं असतं. उलट, अगदी स्वस्त मिळालं तर शंका घ्यावी, बहुधा ॲनीलिंग गाळलेलं असतं.

तेव्हा वाचकहो, पुढची पानं वाचून एखादं शिल्प घ्यायची इच्छा झाली, तर करणाऱ्याला चार प्रश्न जरूर विचारा. काच कोणती? भट्टीत किती वेळ ठेवली? हे नेमकं कोणतं झाड, कोणता कीटक? आणि तुम्ही तो कुठे पाहिला? ध्रुवणकाच्या दोन काचांमध्ये शिल्प धरून दाखवायलाही सांगा. ताण राहिला असेल तर सांध्यापाशी इंद्रधनुषी पट्टे दिसतात. जो मनापासून काम करतो तो या प्रश्नांनी चिडत नाही, उलट खुर्ची पुढे करतो. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली नाहीत तर वस्तू घेऊ नका. शेवटच्या दोन प्रश्नांची मिळाली नाहीत तर शोभेची वस्तू म्हणून खुशाल घ्या, शिल्पाचे पैसे मात्र देऊ नका.